दार आपलंच आहे

माणूस स्वतःच्या घराबाहेर अडकला की त्याचा सगळा रुबाब उंबऱ्याशीच गळून पडतो, हे मास्टरइतकं क्वचितच कुणी पाहिलं असेल. त्याने दातांच्या डॉक्टरांना टॉवेल गुंडाळून जिन्यात उभं राहिलेलं पाहिलं होतं. एका बड्या साहेबांना स्वतःच्याच बाथरूमच्या झरोक्यातून हात बाहेर काढून हलवताना पाहिलं होतं. एक बँडवाला तर खोलीत कोंडला गेला तेव्हा मदतीसाठी जीव तोडून ट्रम्पेट वाजवत होता आणि शेजारी म्हणत होते, आज सराव जोरात चाललाय. दुपार कलली तरी वाजवणं थांबेना, तेव्हा कुणीतरी तावातावाने भांडायला गेलं आणि त्या भांडणापायी बिचाऱ्याची सुटका झाली.

मास्टर म्हणजे चौकाच्या कोपऱ्यावरचा किल्लीवाला. मास्टर-की बनवतो म्हणून मास्टर. शाळेतला मास्तर त्याला चौथीनंतर पुन्हा दिसला नव्हता. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली तर तिसऱ्याने पोट आत ओढून घ्यावं एवढाच त्याचा गाळा, पण स्वतःच्या मालकीचा. खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, फळीला आवळलेला, किल्ली घट्ट धरणारा वाईस, लहान-मोठ्या कानशी आणि सगळ्यावर पितळेचा बारीक कीस. घरी जेवायला बसला तरी त्याच्या भुवयांवर तो कीस चमकायचा. बायको म्हणायची, सोनं नाही अंगावर घालता आलं, पण नवरा तेवढा चमचमतो.

कुणी अडकलं की मास्टर पेटी उचलून निघायचा. पोहोचल्यावर पहिलं काम कुलपाचं नसायचं, माणसाचं असायचं. माणूस घामाघूम झालेला, तोंडचं पाणी पळालेलं. मग बाई असेल तर मावशी, पुरुष असेल तर काका, मग ते वयाने त्याच्याहून लहान का असेनात, आणि त्यापुढे एक ठरलेलं वाक्य: "घाबरू नका मावशी, दार आपलंच आहे." एवढं ऐकलं की समोरचा निम्मा सावरायचा. उरलेला निम्मा कुलूप उघडल्यावर.

हे वाक्य त्याच्या उस्तादांचं. उस्तादांनी आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती. कुलपात तार घालण्याआधी बघायचं, या दाराशी रोज चप्पल कुणाची निघते. घर कुणाच्या नावावर आहे ते बघायला कोर्टं आहेत. आपण चप्पल बघायची, आणि ती चप्पल घालणारा शेजारी उभा असल्याशिवाय हात लावायचा नाही. मास्टरने हा नियम आयुष्यभर पाळला. तोच पुढे त्याच्या गळ्याशी येईल असं कुणाला वाटलं असतं?

पन्नाशी उलटली आणि मास्टरचा उजवा अंगठा ऐकेनासा झाला. किल्ली घासता घासता मधेच थरथरायचा, आणि एका थरथरीत किल्ली वाया. तिकडे नव्या इमारतींत बटणं दाबून उघडायची कुलपं आलेली. त्यांना ना किल्ली, ना किल्लीवाला. मूलबाळ नव्हतं. हात थांबला की चूल थांबणार, हे नवराबायको दोघांनाही कळत होतं. बोलून दाखवत मात्र कुणी नव्हतं.

अशा वेळी मेव्हणा आला. हा बायकोचा धाकटा भाऊ पंख्यांच्या दुकानात विक्रेता होता आणि बोलताना त्याचे हातही पंख्यासारखे फिरायचे. तो कुठल्याशा हॉटेलात घरांच्या गुंतवणुकीवरचं फुकट व्याख्यान ऐकून आला होता. व्याख्यान देणाऱ्याचा सूट इतका घट्ट होता की पैसा बाहेर सांडेल की काय असं वाटत होतं, असं त्याचं वर्णन. बँकेकडून कर्ज काढायचं, लहानसं घर घ्यायचं, भाड्याने द्यायचं. भाड्यातून हप्ता जाईल, हप्ते संपले की घर आपलं, मग भाडं खात बसा.

"दाजी, तुम्ही काही करायचंच नाही. तुम्ही फक्त किल्ली फिरवायची."

किल्ली हा शब्द त्याने बरोबर हेरून टाकला होता. मास्टर विरघळला. बायकोने विचारलं, आणि भाडेकरूने भाडं दिलं नाही तर? मेव्हणा हसला. म्हणाला, "ताई, तू अगदी व्याख्यानात मागच्या रांगेत बसणाऱ्यांसारखं बोलतेस."

मग घरं बघणं सुरू झालं. दर रविवारी मास्टर, बायको आणि मेव्हणा एजंटच्या मागे जिने चढायचे. एजंट हवा दाखवायचा, उजेड दाखवायचा, खिडकीतून दिसणारं एकुलतं एक झाड दाखवायचा. मास्टर यातलं काही बघत नसे. तो दारापाशीच थांबायचा, कडी वाजवायचा, बिजागरीला कान लावायचा. एक दार पोकळ निघालं म्हणून त्याने चांगलं हवेशीर घर पाहिलंच नाही. शेवटी एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक सागवानी दार भेटलं. जड, मुरलेलं, पितळी मुठीचं, आणि कुलूप असं की आता तसं कुणी बनवत नाही. मास्टरने दार तीनदा उघडलं, तीनदा लावलं. लागताना ते एखाद्या समाधानी माणसाने मान हलवावी तसा आवाज करायचं.

"हेच," मास्टर म्हणाला. तो अजून आत गेलेला नव्हता.

आतली खोली एक, स्वयंपाकघर एक, आणि न्हाणीघराच्या भिंतीला ओल. बायकोने ओल दाखवली, तेव्हा एजंट म्हणाला, उन्हाळ्यात सुकते. लोक घर घेऊन त्याला दार बसवतात. आमच्या मास्टरने दार घेतलं आणि त्याच्यासोबत घर आलं. आयुष्यभराची साठवण त्यात गेली, उरलेले पैसे बँकेने कर्जाऊ दिले, आणि मास्टर प्रॉपर्टीवाला झाला. मेव्हण्याने त्याच्या खांद्यावर थाप मारली, तर शर्टातून पितळेचा कीस उडाला.

भाडेकरू एजंटनेच आणली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या ऑपरेटरबाई, एकट्या, नीटनेटक्या. केस पांढरे, पण आवाज असा की ऐकणाऱ्याने डोळे मिटले तर पंचविशीतली मुलगी वाटावी. उभ्या जन्मात त्यांनी हजारो माणसांना एकच गोष्ट सांगितली होती, "लाइनवर राहा." ती त्यांच्या जिभेवर अशी बसली होती की दुधवाल्यालाही त्या सुटे आणायला जाताना लाइनवर राहायला सांगायच्या. भाडं त्यांचा भाचा भरणार होता. तो दूरदेशी नोकरीला होता.

करारावर सह्या झाल्या. किल्ली घेताना ऑपरेटरबाईंचा हात थोडा कापला. आयुष्य क्वार्टरमध्ये काढलेलं, या वयात नवं घर, अनोळखी जिना. आणि कापणारा हात दिसला की मास्टरच्या तोंडातून जे निघतं तेच निघालं.

"घाबरू नका मावशी, दार आपलंच आहे."

ऑपरेटरबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण ओसरला. त्यांनी किल्ली पदराला बांधली.

पहिलं वर्ष मजेत गेलं. महिना उजाडला की भाडं यायचं आणि हप्ता भरून जायचा. मास्टर गाळ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलता बोलता ऐकवायचा, "आमच्या तिकडच्या घरात..." कधी उगाचच फेरी मारून यायचा, तिसऱ्या मजल्यावर जाऊन दाराला तेल देऊन यायचा.

मग भाच्याची नोकरी गेली. आधी पत्र आलं, नंतर फोन, नंतर काहीच येईना. भाडं थांबलं. हप्ता कशाला थांबतोय?

मास्टर पहिल्यांदा मागायला गेला तेव्हा जिन्यात त्याने चार वाक्यं जुळवून ठेवली होती. दार उघडताच ऑपरेटरबाई म्हणाल्या, बरं झालं आलात, कपाटाचं कुलूप अडलंय. मास्टरने कुलूप दुरुस्त केलं, त्यांनी चहा केला, आणि वाक्यं जिन्यातच राहिली. घरी बायकोने विचारलं, "भाडं आणायला गेला होतात की द्यायला?"

दुसऱ्यांदा त्याने खरंच विचारलं. बाईंनी मान खाली घातली. भाचा म्हणालाय, लवकरच काहीतरी होईल. पेन्शन औषधांतच जाते. मग त्यांचा तो गोड आवाज आला, "एवढे दिवस लाइनवर राहा मास्टर." आणि मास्टर राहिला. दुसरं करणार काय?

तिसऱ्यांदा बायको कंबर कसून गेली. जाताना म्हणाली, तुमच्याने होणार नाही, माझ्या जिभेला हाड नाही ते आता कामी येईल. ती गेली ती थेट दिवेलागणीला उगवली. हातात विणकामाच्या सुया आणि अर्धवट विणलेला मफलर.

"काय झालं?"

"किती दमलेल्या असतात हो त्या," बायको म्हणाली आणि मफलर पिशवीत कोंबून स्वयंपाकघरात गेली. पुढे त्या हिवाळ्यात मास्टरच्या गळ्यात एक निळा मफलर आला. तेवढं व्याज मिळालं.

मेव्हण्याला बोलावलं. त्याचे पंखे आता मंद फिरत होते. मार्केट जरा बसलंय, म्हणाला. मग आवाज बारीक करून म्हणाला, "दाजी, ती भाजीला बाहेर पडली की जायचं आणि कुलूप बदलून टाकायचं. तुमच्या तर डाव्या हातचा मळ. किल्लीवाल्याला स्वतःच्या घरात शिरता येत नाही हे कुणाला सांगितलं तर हसतील लोक."

बायकोच म्हणाली, "हसू दे. तू चहा संपव आणि निघ."

पण त्या बोलण्याने मास्टरची झोप उडाली हे खरं. चपलेचा नियम दुसऱ्यांच्या दारांसाठी होता. आता घर याच्या नावावर, कर्ज याच्या डोक्यावर, आणि चप्पल तिची. उस्ताद असते तर विचारलं असतं. बँकेचा माणूस गाळ्यावर दोनदा येऊन गेला होता. दुसऱ्या वेळी तो बसलाही नाही. हप्ते असेच थकले तर बँक घर लिलावात काढणार, आणि लिलावात मातीमोल जाईल. त्यापेक्षा आधी स्वतःच विकून मोकळे व्हा, असं त्याने समजावून सांगितलं. विकलं तर कर्ज फिटून थोडंफार हाती राहणार होतं. तेवढंच आता मास्टरच्या म्हातारपणाचं भांडवल.

गिऱ्हाईक मिळालं. मोबाइलची कव्हरं विकणारा एक चुणचुणीत माणूस, सगळे त्याला कव्हरवाला म्हणत. त्याची अट एकच, घर रिकामं पाहिजे.

मास्टर मन घट्ट करून तिसऱ्या मजल्यावर गेला. ऑपरेटरबाईंना त्याने सगळं सांगितलं. बँक, हप्ते, गिऱ्हाईक, काहीच लपवलं नाही. जागा सोडावी लागेल, म्हणाला, आणि रविवारी एक जण घर बघायला येईल. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "येऊ द्या की. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणाला होतात ना मास्टर, दार आपलंच आहे."

जिना उतरताना मास्टर त्या वाक्याशी झटत राहिला. आपलं म्हणजे माझं, का तिचं, का दोघांचं? मोठ्या माणसाला मान देऊन 'हे पुस्तक आपलंच ना?' असं विचारतो तेव्हा ते पुस्तक त्याचं असतं. बायकोला आपण म्हणतो 'आपलं घर', तेव्हा ते दोघांचं असतं. आणि 'आपलं ते आपलं' म्हणून माणूस छातीशी धरतो, तेव्हा ते एकट्याचंच असतं. इतकी वर्षं हे वाक्य त्याने किल्लीसारखं वापरलं होतं, जिथे घालावं तिथे फिरणारं. मास्टर-की बनवणाऱ्याने तरी ओळखायला हवं होतं की जी किल्ली सगळीकडे लागते ती कुणाची म्हणून राहत नाही.

रविवारी कव्हरवाला वेळेवर आला. दोघे जिना चढून गेले. दार बंद. मास्टरने कडी वाजवली, पुन्हा वाजवली. दाराशी चप्पल नव्हती.

"बाहेर गेल्या असतील," मास्टर म्हणाला.

"मग उघडा की," कव्हरवाला म्हणाला. "घर तुमचं, धंदा तुमचा. मला तर दोन्ही बघायला मिळेल."

मास्टरचा हात खिशात गेला. तारेचा गुच्छ तिथे नेहमी असायचा. कुलूप त्याच्या ओळखीचं, त्याच्या आवडीचं. एकदा उघडलं की गिऱ्हाईक आत, व्यवहार पक्का, आणि बाई परत येईपर्यंत मेव्हण्याचा सल्ला ऐकायलाही वेळ होता. नवं कुलूप पेटीत होतं. ते आपण का आणलं, हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. त्याने तार बाहेर काढली, कुलपाच्या तोंडापर्यंत नेली. अंगठा थरथरला. म्हाताऱ्या अंगठ्याचं काय सांगावं, तो कशानेही थरथरतो.

तेवढ्यात जळकट वास आला. दाराच्या फटीतून, दूध करपल्याचा. आणि जिन्यातून चपलांचा घाईघाईचा आवाज.

ऑपरेटरबाई धापा टाकत वर आल्या. हातात बिस्किटांचा पुडा. पाहुणे येणार म्हणून त्या दूध गॅसवर ठेवून कोपऱ्यावर गेल्या होत्या, मिनिटभराचं काम, आणि मागे वाऱ्याने दार लागलं. पदराची गाठ त्यांनी चाचपली. गाठ रिकामी होती; किल्ली आत, ओट्यावर. बिस्किटांचा पुडा हातातून निसटला. तोंडातून शब्द फुटेना. हजारो लोकांना लाइनवर थांबवणारा तो आवाज कुठे गेला कोण जाणे, नुसते ओठ हलत होते.

आता या सगळ्यात मास्टरने काय करावं? पण काय करायचं ते त्याने ठरवलंच नाही. ते त्याच्या हाडांतूनच आलं.

"घाबरू नका मावशी," तो म्हणाला, "दार आपलंच आहे."

तार आत गेली. अंगठा एकदाही हलला नाही. कुलूप उघडलं, दार समाधानाने मान हलवत मागे गेलं. मास्टरने आत धावून गॅस बंद केला, भांडं मोरीत टाकलं, खिडकी उघडली. धुरात कव्हरवाला उंबऱ्यावर उभा राहून आतलं बघत होता. भिंतीवर भाच्याचा फोटो, खुर्चीवर अर्धा विणलेला दुसरा मफलर, न्हाणीघराच्या दाराआड भिंतीचं पाणी टिपायला लावलेली चादर. मांडून बसलेलं एक आख्खं आयुष्य.

ऑपरेटरबाई सावरल्या. त्यांनी डबा उघडला, त्यातल्या नोटा मोजून काढल्या आणि मास्टरच्या हातात ठेवल्या.

"हे कशाला, मावशी?"

"कुलूप उघडण्याचे. कुणाच्या मेहनतीचे पैसे बुडवायचे नसतात."

कित्येक महिन्यांत त्या घरातून मास्टरला मिळालेले ते पहिले पैसे. नको म्हणावं तर त्यांचा अपमान, घ्यावे तर आपलाच. त्याने घेतले.

कव्हरवाल्याने मग सरळ विचारलं, "मास्टर, या बाई कधी जाणार?"

बाई त्याच्याकडे बघत होत्या. मास्टरला उत्तर ठाऊक होतं. महिनाअखेर. एवढा एक शब्द, आणि म्हातारपण सुटलं असतं. त्याने तोंड उघडलं, तर शब्दच येईना. आयुष्यभर दुसऱ्यांची दारं उघडली, पण आपल्याच तोंडाचं कुलूप काही निघेना. त्याने दाराशी पाहिलं. बाईंनी चपला काढल्या होत्या, एक उलटी पडली होती.

"यांचंच दार आहे," तो म्हणाला.

कव्हरवाला हसला. वाईट हसला नाही. "मग तुम्ही विकताय काय?" म्हणाला.

जिना उतरता उतरता कव्हरवाल्यानेच तोड काढली. घर नको, पण चौकातला तो गाळा द्याल का? कोपरा आहे, कव्हरं चांगली खपतील. मास्टरने बायकोला विचारलं. बायको कितीतरी वेळ तांदूळ निवडत राहिली, निवडून झालेले पुन्हा निवडले. मग म्हणाली, "कीस तेवढा घरी घेऊन या. भुवयांना सवय आहे."

गाळा गेला. त्याच्या पैशांतून थकलेले हप्ते फिटले आणि पुढचे काही भरून ठेवता आले. घर वाचलं, म्हणजे बँकेपासून वाचलं. त्यानंतरचे हप्ते कशातून जायचे, हे कुणीच कुणाला विचारत नाही. भाच्यासाठी सगळेच अजून लाइनवर आहेत.

मास्टर आता त्याच इमारतीच्या जिन्याखाली बसतो. मीटरच्या डब्यांशेजारी एक फळी, तिला आवळलेला वाईस, बस्स. डोक्यावर तिसरा मजला त्याच्या नावाचा, आणि बसायला जिन्याखालची जागा सोसायटीच्या मेहेरबानीची. चार वाजता वरून चहा येतो, ऑपरेटरबाई स्वतः घेऊन उतरतात, कठड्याला धरून, एकेक पायरी. त्यांच्या गुडघ्यांची दया येऊन मास्टरच अर्ध्या वाटेवर वर जातो. मेव्हणा मात्र पंख्यांच्या दुकानात अजून सगळ्यांना सांगतो, आमचे दाजी प्रॉपर्टीत आहेत.

परवा दुसऱ्या मजल्यावरची नवी सून अडकली. आत तान्हं रडत होतं, बाहेर ती रडत होती. मास्टर पेटी घेऊन चढला, दाराशी तिची चप्पल पाहिली, तार काढली.

"घाबरू नका मावशी," तो म्हणाला.

ती पुढचं ऐकायला थांबली. मास्टरने कुलपात तार घातली आणि खाली मान घालून कामाला लागला.